विभागप्रमुख निवडताना

बंगळूरच्या दक्षिणेला, तमिळनाडूच्या हद्दीला लागून आनेकल तालुका आहे. जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले ही कारखान्यांची गावे त्यातलीच. गेल्या दीड दशकात या तालुक्यात विद्यापीठेही उभी राहिली. अलायन्स विद्यापीठ चंदापुरा-आनेकल रस्त्यावर आहे, तर अझीम प्रेमजी विद्यापीठ सर्जापूरजवळच्या बुरुगुंटे गावात. दोन्ही कर्नाटक विधिमंडळाने २०१० मध्ये केलेल्या स्वतंत्र कायद्यांनी स्थापन झाली. महाराष्ट्रातली मुलेही बारावीनंतर बंगळूरच्या खासगी विद्यापीठांची माहितीपत्रके चाळतात, आणि त्यातली काही पत्रकारिता, जाहिरात किंवा चित्रपट शिकायला तिकडे जातात. नव्या विद्यापीठाला संज्ञापन विभाग हवाच असतो. तो सुरू करायचा म्हटले की पहिली जाहिरात निघते ती विभागप्रमुखाची: ज्येष्ठ प्राध्यापक, पीएचडी, इतक्या वर्षांचा अनुभव, इतके शोधनिबंध.

ही एक निवड विभागाचे पुढचे दहा-पंधरा वर्षांचे भवितव्य ठरवते, आणि आपल्याकडे ती फार निष्काळजीपणे होते. सरकारी विद्यापीठ गुणांची बेरीज करून माणूस घेते. खासगी विद्यापीठ पुष्कळदा नाव बघून घेते. ते नाव दूरचित्रवाणीवरून परिचयाचे झालेले असते, नाहीतर साठीच्या आसपास सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या एखाद्या मोठ्या प्राध्यापकाचे. या माणसाने पूर्वी कुठे विभाग उभा केला का, त्याच्या हाताखाली शिक्षक तयार झाले का, विभाग ज्या गावात आहे त्या गावात तो विद्यार्थ्यांना उतरवील का, हे प्रश्न दोन्हीकडे विचारले जात नाहीत. विभाग चालणार की नाही ते मात्र नेमके यांवरच ठरते.

आपल्या देशात या विषयाचा इतिहासच विभागप्रमुखांचा इतिहास आहे. अलीगढला १९३८ मध्ये झालेला पहिला प्रयत्न थोड्याच काळात बंद पडला. १९४१ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पृथ्वीपाल सिंग यांनी विभाग सुरू केला. फाळणीत लाहोर गेले, पण विभाग संपला नाही. सिंग यांनी तो दिल्लीत पुन्हा मांडला आणि १९६२ मध्ये तो चंडीगडला गेला. इमारत, ग्रंथालय, शहर, सगळे सुटले तरी विभाग टिकला, कारण तो चालवणारा माणूस टिकला. म्हैसूरला १९५१ मध्ये नाडिग कृष्णमूर्ती यांनी महाराजा महाविद्यालयात पत्रकारितेचे शिक्षण सुरू केले. कर्नाटकात या विषयाची सुरुवात तिथून होते.

सिंग आणि कृष्णमूर्ती हे दोघेही अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठात शिकलेले होते, आणि त्या विद्यापीठाची गोष्ट निवड समित्यांनी जरूर वाचावी. १९०८ मध्ये मिसूरीने पत्रकारितेची शाळा काढली आणि तिचे अधिष्ठातापद वॉल्टर विल्यम्स या संपादकाला दिले. विल्यम्स यांनी महाविद्यालयाची पायरी चढलेली नव्हती. ते छापखान्यातून वर आलेले होते. शाळा सुरू झाली त्याच दिवशी, १४ सप्टेंबर १९०८ रोजी, विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला. ते वर्तमानपत्र विद्यापीठाच्या समारंभांचे वार्तापत्र नव्हते. विद्यापीठ ज्या कोलंबिया गावात आहे, त्या गावाचे ते वर्तमानपत्र होते. गावातल्या बातम्या विद्यार्थी आणायचे आणि प्राध्यापक त्या संपादित करायचे. विल्यम्स पुढे त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. पदवी नसलेल्या माणसाला विद्यापीठाने इतके वर नेले, कारण त्याने एक पद्धत आणली होती आणि ती चालत होती.

आता नागपूर. स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाच्या महाविद्यालयाने १९५२ मध्ये पत्रकारितेचा विभाग सुरू केला. त्यासाठी अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वुल्सली आले. नागपूर तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांतली वृत्तपत्रे तिथून निघत, आणि त्यांतले 'हितवाद' हे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजाचे होते. पाहुणा प्राध्यापक काही काळ राहिला आणि परत गेला, पण जाताना भारतीय पत्रकारितेवर एक पुस्तक संपादित करून गेला. विभागाची धुरा पुढे के. ई. ईपन यांच्याकडे आली. मूळचे केरळचे ईपन नागपुरात शिकवत राहिले, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली, आणि १९७० च्या दशकात बंगळूर विद्यापीठात संज्ञापन विभाग उभा राहिला तेव्हा त्याचे नेतृत्व त्यांनी केले. आज आनेकलच्या विद्यापीठांना जो माणूस हवा आहे, त्याचा नमुना ५० वर्षांपूर्वी नागपूरहून बंगळूरला गेला होता. अमराठी गावातून मराठी मुलुखात आणि तिथून कानडी मुलुखात गेलेल्या या प्राध्यापकाच्या गाठीला एका छोट्या महाविद्यालयात विभाग चालवल्याचा अनुभव होता. बंगळूरने त्याचे निबंध मोजून घेतले की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. त्याने विभाग चालवलेला होता, हे पहिले.

पुण्याचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या स्मरणार्थ गोखल्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या फर्ग्युसन रस्त्यावरच्या संस्थेत पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता अभ्यासक्रम १९६४ मध्ये सुरू झाला. सारे गाव त्या विभागाला 'रानडे इन्स्टिट्यूट' म्हणूनच ओळखते. या विभागाचे प्रमुखपद १९९५ ते २००१ या काळात अरुण साधू यांच्याकडे होते. साधू हे मुंबईतल्या इंग्रजी वृत्तपत्रांत मुरलेले पत्रकार. 'फ्री प्रेस जर्नल'चे संपादकपद त्यांनी सांभाळलेले. त्यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांनी महाराष्ट्राच्या सत्ताकारणाचे आतले व्यवहार मराठी वाचकाला पहिल्यांदा इतके उघडे करून दाखवले, आणि १९७९ मध्ये जब्बार पटेल यांनी त्या दोन्हींवरून चित्रपट केला. चीन, क्यूबा, रशिया यांच्या क्रांतींवर मराठीत सविस्तर लिहिणारेही तेच. विभागप्रमुखाच्या खुर्चीत असा माणूस बसला म्हणजे वर्गातल्या मुलाला काय मिळते? बातमी कुठून येते, कोण देतो, का देतो, आणि छापली नाही तर काय होते, हे सगळे त्याला पुस्तकाबाहेरून कळते. शिवाय इंग्रजीत कमावलेली पत्रकारिता मराठीत कशी आणायची, याचा चालता धडा समोर असतो.

साधूंच्या तोलाच्या माणसाने आज अशा पदासाठी अर्ज केला तर काय होईल? विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम प्राध्यापकपदासाठी पीएचडी, दहा वर्षांचे अध्यापन, समीक्षित किंवा आयोगाच्या यादीतल्या नियतकालिकांत किमान दहा शोधप्रकाशने आणि संशोधनाचे १२० गुण मागतात. उद्योगातून किंवा व्यवसायातून थेट येणाऱ्या नामवंतालाही संबंधित विषयातली पीएचडी लागतेच. गुणांचा तक्ता बघावा. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांत एकट्याने लिहिलेल्या निबंधाला १० गुण. दहा निबंधांचे १००, राष्ट्रीय प्रकाशकाकडच्या एका पुस्तकाचे १०, पदवी मिळालेल्या एका पीएचडी विद्यार्थ्याचे १०. १२० झाले. या बेरजेत सात वर्षे चालवलेल्या विद्यार्थ्यांच्या पाक्षिकाला रकाना नाही. दुष्काळी तालुक्यात विद्यार्थ्यांबरोबर राहून केलेल्या वृत्तमालिकेला नाही. ज्याचे ४० विद्यार्थी आज राज्यभरच्या वृत्तपत्रांत उपसंपादक आहेत त्या शिक्षकालाही त्याबद्दल काही मिळत नाही. 'सिंहासन'ची नोंद तर छाननी करणाऱ्या कारकुनाने कुठे करायची?

हे संशोधनाविरुद्धचे म्हणणे नाही. संज्ञापन हा आता केवळ बातमीदारीचा वर्ग राहिलेला नाही. वृत्तपत्र कोणाच्या मालकीचे आहे, समाजमाध्यमांचे गणित मतदाराला काय दाखवते, ग्रामीण बाईच्या हातातला मोबाइल कोण वापरतो, असे प्रश्न संशोधनाशिवाय सुटत नाहीत. ज्याने कधी एकही प्रश्न शेवटापर्यंत तपासला नाही, तो पीएचडीचे विद्यार्थी कसे घडवणार? म्हणून विभागप्रमुखाला संशोधन यायलाच हवे. पण एका विषयावर वर्षानुवर्षे टिकून केलेले काम वेगळे, आणि बढतीच्या तारखेआधी भराभर छापून आणलेले दहा निबंध वेगळे. तज्ज्ञ समितीतले तीन बाहेरचे जाणकार हा फरक अर्ध्या तासात ओळखू शकतात. अर्जदाराचे दोनच निबंध त्यांनी आधी वाचून यावे, एवढे पुरे.

नियमांत वाट अजिबात नाही असेही नाही. आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' हे पद मान्य केले. १५ वर्षांचा व्यावसायिक अनुभव असलेल्या माणसाला पीएचडी आणि शोधनिबंधांची अट न घालता विद्यापीठ बोलावू शकते. मात्र अशी पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच, आणि मुदत तीन वर्षे, फार तर चौथे. एखाद्या मुरलेल्या संपादकाला वर्गात आणायला ही वाट चांगली आहे. विभाग उभा करायला ती अपुरी. तीन वर्षांत एक तुकडी येते आणि जाते. चौथ्या वर्षी विभाग पुन्हा पहिल्या पायरीवर. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने जो नवा मसुदा मांडला, त्यात गुणांच्या बेरजेऐवजी उल्लेखनीय योगदानाची नऊ क्षेत्रे सुचवली होती आणि भारतीय भाषांतले अध्यापन हे त्यातले एक होते. मसुद्यातल्या इतर बाबींवर, विशेषतः कुलगुरूंच्या निवडीच्या पद्धतीवर, राज्यांनी आक्षेप घेतले आणि त्यात तथ्य होते. पण भाषेतल्या अध्यापनाला मोल द्यायची ही एक सूचना योग्य आहे.

खासगी विद्यापीठांची अडचण निराळी. पगार ते चांगला देऊ शकतात, जाहिरात लवकर काढू शकतात, महिनाभरात नेमणूक करू शकतात. नेमणुकीनंतर त्या माणसाला काय मिळते, हा खरा प्रश्न. संज्ञापन विभाग म्हणजे विद्यापीठाची प्रसिद्धी शाखा, अशी समजूत व्यवस्थापनांत खोल रुजलेली आहे. दीक्षान्त समारंभाचे चित्रीकरण विद्यार्थ्यांनी करायचे, पाहुण्यांची मुलाखत त्यांनीच घ्यायची, प्रवेशाच्या हंगामात चित्रफिती बनवायच्या, कुलपतींच्या भाषणाची बातमी लिहायची. वर्षाचे दोन महिने यात जातात आणि त्याला 'प्रात्यक्षिक' म्हणतात. पत्रकारिता शिकणाऱ्या मुलाला ही उलटी शिकवण आहे. मालकाला आवडेल ते लिहायचे, हाच पहिला संस्कार त्याच्यावर होतो. या कामाला नाही म्हणायचा अधिकार विभागप्रमुखाला नेमणुकीच्या पत्रातच लिहून दिला पाहिजे. ज्येष्ठ माणूस घ्यायचा तो यासाठी. कनिष्ठ अधिव्याख्याता नाही म्हणू शकत नाही.

त्याच पत्रात आणखी गोष्टी हव्यात. मुदत किमान पाच वर्षांची. बरोबर निदान तीन पूर्णवेळ शिक्षक, आणि त्यांच्या निवडीत विभागप्रमुखाचे मत. तासिका तत्त्वावरच्या माणसांवर विभाग उभा राहत नाही. तासाला पैसे मिळणारा शिक्षक तास संपल्यावर विद्यार्थ्याचा मसुदा घेऊन बसू शकत नाही, कारण त्याला दुसऱ्या महाविद्यालयाची बस गाठायची असते. स्टुडिओसाठी कोट्यवधी खर्च करणारी विद्यापीठे विद्यार्थ्यांच्या वार्तांकनाच्या प्रवासखर्चाला मात्र तरतूद ठेवत नाहीत. ते उलट करावे. साधा मोबाइल घेऊन गावात गेलेला विद्यार्थी वातानुकूलित स्टुडिओत बसलेल्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक शिकतो.

आनेकलमध्ये जायला गावेही आहेत आणि लिहायला विषयही. बोम्मसंद्र आणि हेब्बगोडी भागात औषधनिर्मितीचे आणि जैवतंत्रज्ञानाचे कारखाने आहेत, मोठी हृदयरुग्णालये आहेत. आरोग्य पत्रकारितेचा वर्ग दुसरीकडे कुठे भरवायचा? बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यानाचा काही भाग याच तालुक्यात येतो. हत्ती शेतात उतरतात आणि शहर जंगलाकडे सरकते, हा संघर्ष तिथे रोजचा आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी अत्तिबेलेजवळ फटाक्यांच्या गोदामाला आग लागली आणि चौदाहून अधिक माणसे गेली. त्यातली बहुतेक तमिळनाडूतून दिवाळीच्या हंगामी कामासाठी आलेली तरुण मुले होती. ही बातमी विद्यापीठांच्या दारातली. ती नीट लिहायची तर तमिळ बोलणाऱ्या आईशी बोलावे लागते, कानडीतला पंचनामा वाचावा लागतो, फटाक्यांच्या साठवणुकीचा परवाना कोण देतो हे कायद्यातून शोधावे लागते, आणि राज्याची हद्द ओलांडून मुलांच्या गावी जावे लागते. इंग्रजी माध्यमातून शिकणारा, दिल्ली-पुण्याहून आलेला विद्यार्थी हे एकटा करू शकणार नाही. कानडी, तमिळ आणि तेलुगू येणारे विद्यार्थी गटात बसवून, अनुवादाची शिस्त लावून, हे करून घेणारा शिक्षक लागतो. आनेकलच्या विद्यापीठाने मुलाखतीत उमेदवाराला एकच प्रश्न विचारायचा असेल तर तो हा विचारावा: या तालुक्यात तुम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यात कुठे न्याल?

मुलाखतीची रीतही बदलली पाहिजे. वीस मिनिटांत कागदपत्रे पाहून, दोन तात्त्विक प्रश्न विचारून ज्येष्ठ प्राध्यापक निवडता येत नाही. उमेदवाराला दोन दिवस बोलवावे. पहिल्या दिवशी त्याने खऱ्या वर्गात तास घ्यावा आणि विद्यार्थ्याची एक कच्ची बातमी सगळ्यांसमोर दुरुस्त करून दाखवावी. बातमी दुरुस्त करताना शिक्षक जितका कळतो तितका भाषणात कळत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांशी समितीने फोनवर बोलावे. त्याने आधीच्या ठिकाणी विद्यार्थ्यांकडून काढलेले अंक, चित्रफिती, ध्वनिमुद्रणे मागवून पाहावीत. ज्याच्याकडे दाखवायला यातले काहीच नाही, त्याचे गुण १२० असोत की २००, त्याला संशोधन केंद्रात मानाची जागा द्यावी. विभाग देऊ नये.

आणि आपण महाराष्ट्रात तरी काय करतो आहोत? २०२१ मध्ये रानडे इन्स्टिट्यूटमधला विभाग विद्यापीठाच्याच दुसऱ्या माध्यम विभागात विलीन करण्याचा निर्णय झाला होता. विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि पत्रकार विरोधात उभे राहिले म्हणून तो थांबला. साठ वर्षांची परंपरा असलेल्या, मराठी पत्रकारितेला पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरवणाऱ्या विभागावर अशी पाळी यावी, हे विद्यापीठ त्याच्याकडे कसे पाहत होते याचेच लक्षण. राज्यातल्या अनेक विद्यापीठांत संज्ञापन आणि पत्रकारिता विभागांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे भरलेल्या नाहीत. एक सहायक प्राध्यापक प्रभारी प्रमुख म्हणून कागद हलवतो आणि तास तासिका तत्त्वावरची मंडळी घेतात. प्रभारी माणूस कितीही कष्टाळू असला तरी तो नवा अभ्यासक्रम आणू शकत नाही, नव्या जागा मागू शकत नाही, कुलगुरूंसमोर अडून बसू शकत नाही. मराठी वृत्तपत्रांना आणि वाहिन्यांना भाषा येणारी, हिशेब वाचता येणारी, न्यायालयाचा निकाल समजणारी मुले मिळत नाहीत, ही तक्रार संपादक करतात. तिचे एक कारण या रिकाम्या खुर्च्यांत आहे.

बंगळूरला पैसा आहे, म्हणून तिथली विद्यापीठे माणसे शोधतात. आपल्याकडे माणसे आहेत, पण जागांची जाहिरात निघत नाही. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर इथून तयार झालेले चांगले अध्यापक मग राज्याबाहेर जातात. त्यांनी जाऊ नये असे कोणी म्हणणार नाही. ईपनही गेले होते आणि बंगळूरचे भले झाले. पण नागपुरात त्यांना आधी काम करायला विभाग मिळाला होता. आज तसा विभाग मिळत नाही, ही खंत आहे.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना विनंती एवढीच: आनेकल असो, पुणे असो की नागपूर, पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारा. विभागप्रमुख पूर्णवेळ आहेत का आणि किती वर्षांपासून? पूर्णवेळ शिक्षक किती? गेल्या वर्षी विद्यार्थ्यांनी काढलेला अंक किंवा केलेली वृत्तमालिका दाखवता का? आणि राज्य शासनाने व कुलगुरूंनी संज्ञापन विभागांतल्या प्राध्यापकांच्या रिकाम्या जागांची जाहिरात येत्या शैक्षणिक वर्षाच्या आत काढावी.